इंदूबाईंच्या नावाचा टोप

कोळवण, ता. मुळशी
रविवार

ती. उषाआत्या हिस,
तृप्तीचा सप्रेम जयभीम.

पाकीट बघून धसका घेऊ नकोस, इकडे सगळे बरे आहेत. आजीचे गुडघे बसताना वाजतात, उठताना वाजतात, पण जिभेला काही झालेलं नाही. पप्पांनी साखर सोडली (चहातली, लग्नातली जिलेबी ते औषधासारखी घेतात). आईने तुझ्यासाठी इंद्रायणी तांदूळ निवडून ठेवलाय. मामांची पाठ आता कशी आहे? ओमदादा आणि वहिनी कल्याणच्या घामातही मजेत असतील. ओमदादाच्या लग्नानंतर तू गावी आलीच नाहीस, त्याला तीन वर्षं होतील, असं आजी रोज म्हणत नाही. एक दिवसाआड म्हणते.

पत्र लिहायचं कारण माझं शिक्षण (तूर्त तरी तसंच समज). तुला पप्पांनी सांगितलं असेल की पोरगी कॉम्प्युटर शिकते आणि आईने सांगितलं असेल की पोरगी अकाउंट्स शिकते. दोघंही खोटं बोलत नाहीत. आमच्या युनिव्हर्सिटीत हे दोन्ही एकत्र शिकायची सोय आहे आणि त्या सोयीचा लाभ घेणारे आम्ही मोजकेच. अकाउंट्सचा विभाग खालच्या इमारतीत, कॉम्प्युटरचा वरच्या इमारतीत, मधे दम काढणारा चढ. खालचे मला कॉम्प्युटरवाली समजतात आणि वरचे कॉमर्सची. दोन्ही विभागांच्या सहली निघाल्या तेव्हा मला कोणीच विचारलं नाही, कारण मी दुसऱ्यांबरोबर जाणार असं दोघांनाही वाटलं. बरं, शिकवणंही एकमेकांच्या उलट. खाली रजनी मॅडम सांगतात की लिहिलेली नोंद कधी खोडायची नाही, चुकली तर उलट नोंद करून ती फिरवायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. वर नरहरी सर सांगतात की चुकलं तर पुसा, पुन्हा चालवा, पुन्हा पुसा. त्यामुळे सकाळी मी फार जपून वागते आणि दुपारी बेधडक, आणि परतीच्या एसटीत माझं मलाच कळत नाही की मी नेमकी कोण.

पण शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर या दोघांचीही सही लागते. एकाची जरी राहिली तर जोडपदवी गेली, मग एक विषय सोडायचा आणि उरलेल्यातली साधी पदवी घ्यायची. आणि हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत (कशावरून बिनसलं ते कोणाला आठवत नाही, बहुधा त्यांनाही नाही). आत्या, तुला म्हणून सांगते, मला दोन्ही हवंय. हिशेब मला समजतो आणि कॉम्प्युटर माझं ऐकतो. दोन्ही हाताशी असले की आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं मला वाटतं, आणि असं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

प्रकल्प मी आणि स्वानंदने मिळून घेतला. स्वानंद भुकूमला नव्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. त्याचे वडील लातूरहून आयटीतल्या नोकरीसाठी इकडे आलेले. मुलगा गुणी आहे (नुसता गुणी, तुझ्या वर गेलेल्या भुवया मला इथून दिसताहेत). विषय निवडला आपल्या विहाराची भांडी. टोप, पराती, वगराळी, ताटं, गावात कोणाकडेही कार्य निघालं की विहारातून वाजतगाजत जातात आणि येताना निम्मी येतात, हे तुला काय सांगायचं. आनंदाबापू भांडी सांभाळतात आणि सगळा साठा डोक्यात ठेवतात. कोणत्या भांड्याला कुठे पोचा आहे हे त्यांना पाठ, तो पोचा कोणाच्या लग्नात पडला तेही पाठ. फक्त भांडं आत्ता कुठे आहे, एवढंच ते हमखास चुकीचं सांगतात. फार खोदून विचारलं तर त्यांचं एकच उत्तर, "गावातच हाय की, कुटं जातंय."

आमचा बेत साधा होता. प्रत्येक भांड्याची कॉम्प्युटरवर नोंद, कोणी नेलं त्याचं नाव, आणि कार्य उरकलं की त्या माणसाच्या मोबाइलवर आपोआप निरोप. मी विहारात मांडी ठोकून एकेका भांड्याचे फोटो काढले, जी जागेवर नव्हती ती बापूंनी वरच्या नावासकट तोंडपाठ सांगितली ती लिहून घेतली, आणि सगळं स्वानंदला पाठवलं, त्याने घरी बसून नोंदी केल्या. नावं त्याने भांड्यांवरचीच घेतली. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात, हे मला लहानपणापासून इतकं ठाऊक की ते वेगळं सांगावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. स्वानंदच्या घरी सगळे काचेचे वाडगे (कोरलेली भांडी असलीच तर लातूरला आजोबांकडे). त्याच्या जगात नाव असतं ते गेटवर आलेल्या पार्सलवर, आणि पार्सलवर ज्याचं नाव त्याच्याकडे ते जायचं. तेव्हा त्याने गावातल्या यच्चयावत दात्यांना उचलून नेणाऱ्यांच्या रकान्यात बसवलं. आणि मी काय तपासलं? मी तेरीज जुळवली, म्हणजे दोन्हीकडच्या बेरजा सारख्या येतात का ते पाहिलं. आल्या. नोंद चुकीच्या माणसाच्या नावावर घातली तरी बेरजा सारख्याच येतात, हे मॅडम पहिल्या वर्षापासून सांगताहेत. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

पहिला प्रयोग झाला रत्नदीपच्या लग्नात. "जेवणं उरकली की निरोप सोड," असं मी स्वानंदला बजावलं होतं. पत्रिकेत लग्न अकराचं, म्हणून त्याने भुकूमच्या अंदाजाने दीडला बटण दाबलं. दीडला आपल्याकडे पंचशील चालू होतं. बौद्धाचार्य चंद्रकांतकाका दुसऱ्या शीलावर आले, "अदिन्नादाना वेरमणी," म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणार नाही, आणि मांडवातले मोबाइल एकामागून एक वाजायला लागले. 'विहाराचे भांडे आपल्याकडे आहे. कृपया त्वरित परत करावे.' अख्खा मांडव शील म्हणता म्हणता खिसे चाचपत होता. काकांच्याही खिशात वाजला, पण त्यांनी तिसरं शील जरा मोठ्याने म्हणून वेळ मारून नेली.

मग जे झालं ते थोडक्यात सांगते (कारण आठवलं की अजून कानशिलं तापतात). कालकथित बहिरूआबांच्या परातीचा निरोप शंभूदादाच्या मोबाइलवर गेला होता. तो शांतपणे माझ्यापुढे येऊन म्हणाला, "बा गेला तवा हात मोकळंच हुतं, म्या सोता बघितलंय. परात काय त्येनं न्हेली न्हाई." आजी तर नवरीच्या आईला बाजूला सारत आली. "टोप म्या दिलाय इहाराला, माझं नाव हाय त्येच्यावर, आन मलाच मागतुया व्हय तुझा डबा?" त्यानंतर ती दिवसभर कोणाशी बोलली नाही, जेवलीही चिमणीएवढं. अपमान फार लागला असेल असं मला वाटलं. मी मांडवामागे आचाऱ्याच्या शेगडीजवळ जाऊन रडले (धुरामुळे म्हणून खपलं).

स्वानंद म्हणाला, सगळं पुसून टाकू. तो दुपारचा विचार झाला. मी म्हटलं, पुसायचं नाही, फिरवायचं. मग आम्ही एकेक नोंद उलटी केली, देणाऱ्यांचा वेगळा रकाना केला, बापूंच्या हट्टाखातर पोच्यांचाही केला ("त्येच्याबिगर भांडं वळखायचं कसं?"), आणि ज्यांना चुकीचा निरोप गेला होता त्या सगळ्यांना दुसरा पाठवला: 'आपण दिलेल्या परातीत आज रत्नदीपच्या लग्नाची कणीक मळली. विहार आपला आभारी आहे.' शंभूदादाने तो बहिरूआबांच्या फोटोपुढे उभा राहून मोठ्याने वाचला म्हणे. खरंच सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय शिकतेय. मग ज्यांनी खरोखर भांडी नेली होती ती माणसं न मागता घेऊन आली. खोऱ्यातल्या दोन गावांनी असंच करून द्याल का म्हणून विचारलंय. आणि मुख्य म्हणजे, फिरवलेल्या नोंदी बघून रजनी मॅडम खूश झाल्या, निरोप बघून नरहरी सर, आणि आपण एकाच गोष्टीवर खूश आहोत हे कळल्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलावं लागलं. येत्या शनिवारी दोघं एकाच गाडीने कोळवणला येणार आहेत. नोंदीतलं प्रत्येक भांडं प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं, सगळं जुळलं तर तिथेच सह्या.

मामांना आणि ओमदादा-वहिनींना माझा जयभीम. त्यांची काळजी घे आणि उरलीच तर स्वतःचीही.

तुझी भाची,
तृप्ती

ता. क. सगळं जुळलंय, एक सोडून. आजीच्या नावाचा, 'इंदूबाई' कोरलेला मोठा टोप विहारात नाही. तो कल्याणला तुझ्या गॅलरीत आहे आणि त्यात कढीपत्ता लावलाय (ओमदादाच्या स्टेटसला त्याची वाढ आम्ही सगळे बघतो). ओमदादाच्या लग्नाला आजीनेच तो तुला गुपचूप दिला, हे तिने परवा भाकरी थापताना आपणहून सांगितलं. म्हणजे मांडवात गेलेल्या निरोपांपैकी बरोबर ठिकाणी पोचला तो एकच, आजीचा. एकदा दान दिलेली वस्तू देणाऱ्यानेच पुन्हा दुसऱ्याला दिली तर नोंद कशी करायची, असं मी नाव न घेता रजनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, असं कोणी करत नाही.

ता. क. दुसरा. हे फोनवर का नाही सांगितलं? फोनवर मी टोप म्हटलं की तुझी रेंज जाते. कोणी विचारेल म्हणून तू गावी येत नाहीस आणि तू दुखावशील म्हणून आजी टोप मागत नाही, असं तीन वर्षं चाललंय. गावात कोणी काही विचारणार नाही. बापूंच्या मते तो गावातच आहे. तेव्हा टोप कुरिअरने पाठवू नकोस, शुक्रवारी घेऊन मुक्कामाला ये. कढीपत्त्यासाठी मी इथून कुंडी देते.

ता. क. शेवटचा. आजीने आत्ता सगळं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. ती म्हणते, "टोप न्हाई आणला तरी चालंल, तिला म्हनावं तू ये." तिने लिहायला लावलं म्हणून लिहिलंय. मी मात्र जोडपदवीची विद्यार्थिनी आहे. मला दोन्ही हवंय.