न्हाणीची कडी

बुधवार, संध्याकाळ

न्हाणीच्या दाराची आतली कडी कुणीतरी काढलीय. मुलगा कुपवाडला कामावर निघताना म्हणाला, गंजून तुटली. खोटं! भोकं लांबी भरून नीट बुजवलीत. कंपवातानं हात थरथरतात म्हणून आधी स्कूटीची किल्ली काढून घेतली, आता कडी. आंघोळीपुरताही माझा भरवसा नाही?

शेवटी सुनेला खडसावलं. ती म्हणाली, "आत्या, सोमवारी तुमी आत पडलासा. कडी लावलेली. तुमी उठस्तवर मी दाराला कान लावून बसले हुते."

मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणखी काय काय ठाऊक असेल हिला?

कडी नाही तर नाही म्हटलं. पण आत येताना दार वाजवायचं.

"व्हय," म्हणाली आणि डोळे पुसले.