पावसातून पडलेले मासे

मकालिंझो स्टेशन
१२ एप्रिल १९८७

ती. मोझाताईस,
शोमारीचा शि. सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि सुकी कोळंबी पोचली. कोळंबी मी खाल्ली, म्हणजे अर्धी खाल्ली. उरलेली कुटून माशांना घातली. रागावू नकोस, तुझ्या हातची चव त्यांनाही कळली.

इथे पाऊस रोज येतो आहे. भरावाची माती कुठे खचली, रुळाखालची खडी कुठे वाहून गेली, ते बघत ट्रॉलीवरून फिरणं हे माझं काम. पण खरं सांगू का, माझा एक डोळा रुळावर असतो आणि दुसरा रुळाच्या कडेच्या पाण्यावर. भरावासाठी जिथून माती उचलली, तिथे मोठाले खड्डे राहिले आहेत. अर्ध्याहून जास्त वर्ष ते ठणठणीत कोरडे, गुरं त्यातून चालत जातात. ना नदीशी संबंध, ना ओढ्याशी. आणि पाऊस पडून थोडे आठवडे झाले की त्यात मासे!

गेल्या वर्षी मी इथे आलो तेव्हा खड्डे आटत आले होते, त्यामुळे नीट बघायला मिळालं नाही. या वर्षी पहिल्यापासून बघतो आहे. सिग्नलच्या पलीकडे एक डबकं आहे, भोवती उंच गवत. रुळाखालचा जुना लाकडी स्लीपर आडवा टाकून त्यावर पालथं पडायचं आणि हलायचं नाही. आधी नुसतं चहासारखं पाणी दिसतं. मग त्या पाण्याला आतून उजेड आल्यासारखं होतं, आणि त्यातून तो येतो. बोटाएवढा. अंग निळं, प्रत्येक खवल्याला लाल काठ, आणि शेपूट जास्वंदीसारखी. मादी मातकट, साधी. तो तिच्याभोवती फिरतो, पंख उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. मग दोघं शेजारी शेजारी खाली जातात, चिखलाला टेकतात आणि थरथरतात. पाण्यात धुरासारखा गाळ उठतो आणि आपण कुठे आहोत तेच विसरायला होतं. परवा मालगाडी डोक्याजवळून गेली, आम्हाला कळलंही नाही.

इथली माणसं म्हणतात, हे मासे पावसातून पडतात. स्टेशनासमोर चहाचं दुकान चालवणारी तौसी म्हणून एक बाई आहे, तिची आजीही असंच म्हणायची. तौसीला मात्र ते पटत नाही. आभाळातून पडले असते तर एखादा तरी तिच्या कढईत पडला असता, असं तिचं म्हणणं.

आईला सलाम. माझ्या माशांच्या पेट्यांतलं पाणी बदलतेस ना? भावजींना आठवण सांग. लोभ असावा, आणि कोळंबीवरून कमी होऊ नये.

तुझा
शोमारी


तांगा
९ मे १९८७

चि. शोमारीस,
अ. उ. आ., वि. वि.

तुझ्या पेट्या ठीक आहेत. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही, पण पेट्या ठीक आहेत. डासांच्या अळ्यांसाठी तू बादली उघडी ठेवायला सांगितलीस, त्या अळ्यांतल्या निम्म्यांचे डास होऊन तुझ्या भावजींना चावतात. ते म्हणतात, मेव्हण्याचे मासे जगावेत म्हणून मी रक्त देतो आहे, एवढं त्याला कळव. कळवलं.

आईचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत बरी. सेफूमामांनी बंदराच्या ऑफिसात शब्द टाकला आहे. तुझी बदली इकडे होऊ शकते. आईने ही बातमी गल्लीभर सांगून टाकली. तू चाळिशीला आलास तरी जंगलात एकटा राहतोस, याचा तिने धसका घेतला आहे. बाबा समुद्रावर गेले ते गेलेच. आता मुलगाही डोळ्यांआड राहिला तर मी कशासाठी बसले आहे, असं ती विचारते. त्याचं उत्तर तू दे.

आता दुसरं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मालगाडी गेली आणि 'आम्हाला' कळलंही नाही, असं तू लिहिलं आहेस. हे आम्ही कोण? स्लीपरवर पालथा पडलेला एकटा माणूस आम्ही कधीपासून झाला? मला वाटतं, चहावाल्या बाईची कढई बराच वेळ रिकामी तापत असावी.

उत्तर सविस्तर लिही. माशांबद्दल कमी लिहिलंस तरी चालेल. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, चौकशी मात्र वाढली आहे.

तुझी ताई
मोझा


मकालिंझो
२ जून १९८७

ती. ताईस,
शि. सा. सलाम, वि. वि.

तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. एका शब्दावरून मुलाला बाकावर उभं केलंस.

हो, तौसी माझ्याबरोबर होती. दुपारची गाडी गेली की दुकानाला सुट्टी असते. आम्ही डबक्यांवर जातो. ती पुढे आणि मी मागे, कारण गवतातली वाट तिला माहीत. दोन-दोन तास तिथेच जातात. पाऊस थांबलेला असतो, गवताच्या टोकांवरून पाणी टपकत असतं, आणि पाण्यात ते निळे-लाल ठिपके पेटतात, विझतात. मला वाटतं, मी लहानपणापासून काचेच्या पेट्या मांडत आलो, त्या याच एका डबक्याची आठवण काढत. आणि ते तर मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. असं कसं होतं ताई? तौसीला विचारलं तर म्हणाली की जास्त विचार करू नये, चहा गार होतो.

तिला नवऱ्याने सोडलं आहे. मूल होत नाही म्हणून. हे तुला कोणीतरी सांगणारच, तेव्हा मीच सांगतो. मला तिच्याशी लग्न करायचं आहे. आईला तू सांग. माझा धीर होत नाही. बदलीचं मामांना जरा थांबायला सांग.

सोबतच्या पुडीत चिखल आहे. हसू नकोस. गेल्या वर्षी हे डबकं आटलं तेव्हा तळातून उचलून ठेवला होता, डब्यात, ओलसर. मासे मरतात पण अंडी चिखलात झोपून राहतात, असं माझं मन सांगत होतं. आता वेळ भरली आहे. पसरट भांड्यात घाल, वर पावसाचं पाणी ओत, आणि बघ.

मला चार दिवस ताप आहे, अंगावर पित्तासारखं उठलं आहे. पाण्यात उभं राहून सर्दी झाली असेल. काळजीचं कारण नाही. आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्त.

तुझा
शोमारी


तांगा
४ जुलै १९८७

चि. शोमारीस,
अ. उ. आ.

पुडी आली तेव्हा मी बाजारात होते. तुझ्या भावजींना वाटलं, तू नवीन चहा पाठवलास. मी घरी पोचले तेव्हा पाणी उकळत होतं आणि चमचा पुडीत होता. अल्लाची कृपा, दुसरं काय.

तू सांगितलंस तसं केलं. मातीच्या परातीत घातला, पाणी ओतलं, आणि मनात म्हटलं की भाऊ वेडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत पापणीच्या केसांएवढं काहीतरी हललं. मी श्वास रोखून बसले. शाळेला उशीर झाल्यासारखी घाई होती त्यांना, शोमारी! पोस्टाच्या थैलीतून, गाडीच्या डब्यातून, सहीशिक्क्याखालून आलेला तो चिखल, आणि त्यातून जीव इकडे तिकडे पळत होते. शेजारच्या बायका बघून गेल्या. आई आली नाही. ती आतल्या खोलीत बसून राहिली.

कारण मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की सोडलेली, वांझ बाई माझ्या घरात येणार नाही, आणि मुलाने निवडावं, आई की डबकं. त्यानंतर ती तुझं नाव काढत नाही. मी बोलत राहीन. तू धीर सोडू नकोस.

पण महिना झाला तुझं पत्र नाही. ताप उतरला का? दोन ओळी तरी लिही. माया आटलेली नाही, वाट मात्र फार बघते आहे.

तुझी
मोझाताई


मकालिंझो
१७ जुलै १९८७

आदरणीय मोझाबीबी यांस,
तौसीचा सलाम.

आपली ओळख नाही. त्यांच्या नावाचं तुमचं पत्र आलं, ते त्यांना वाचून दाखवावं लागलं, म्हणून मी लिहिते आहे. ते म्हणाले, ताईला कळवू नकोस. मी त्यांचं ऐकलं नाही.

ताप उतरला नाही. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात चला म्हणत होते, ते म्हणत होते की डबकी आटायच्या आत एवढं बघून घेतो. शेवटी लघवीतून रक्त गेलं आणि ते रुळावरच खाली बसले. रुळावर काम करणाऱ्या गँगच्या माणसांनी ट्रॉलीवर आडवं केलं, मी डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही दवाखाना गाठला. लोकांनी बघितलं. लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, हा साठलेल्या पाण्याचा आजार आहे, त्यातल्या गोगलगाईंपासून होतो. गोळ्या दिल्या आहेत. जिवाची भीती टळली, पण अशक्तपणा खूप आहे, आणि साठलेल्या पाण्यात पुन्हा पाय घालायचा नाही म्हणून सांगितलं आहे. आता ते त्यांच्या खोलीवर आहेत. मी पेज करून देते. ते माझ्यासमोर पितात, मी वळले की ठेवून देतात.

मला त्या पत्रातलं सगळं कळलं, कारण वाचणारी मीच होते. त्यांना मी तुमच्या आईंच्या बोलण्याचा भाग वाचून दाखवला नाही. तुमच्या आई म्हणाल्या त्यात नवं काही नाही, मी ते माझ्या सासरी ऐकलेलं आहे. त्यांना तांग्याला घेऊन जा. तिथे त्यांच्या माशांच्या पेट्या आहेत, काचेबाहेरून बघता येतं, पाय ओले होत नाहीत. मी त्यांची ट्रंक भरून ठेवली आहे. कोणीतरी न्यायला यावं, एवढंच मागणं आहे.

चुकलं असेल तर मोठ्या मनाने घ्यावं.

तौसी


मकालिंझो
११ ऑगस्ट १९८७

चि. मोझास,
आईचे अ. उ. आ.

शोमारीला न्यायला मी इथे पोचले त्याला आठवडा झाला. दारेसलामला गाडी बदलताना एका भल्या माणसाने बोचकं धरलं. बसून बसून गुडघ्यांचं लाकूड झालं आहे. माझा चष्मा गाडीत राहिला, म्हणून हे पत्र मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. स्टेशनात दुसरं लिहिणारं कोणी रिकामं नव्हतं. तिचा चहा पातळ आहे. हेही लिही म्हटलं, तिने लिहिलं आहे.

शोमारी बरा आहे. गालफडं बसली आहेत पण भूक परत आली आहे. मला बघून रडला, मीही रडले, मग मी त्याला खूप बोलले. तो तांग्याला यायला तयार झाला. एका शब्दाने नाही म्हणाला नाही. ट्रंक भरलेली होतीच. सदऱ्यांच्या घड्या अशा की माझ्याही पडत नाहीत.

मग मी तिला म्हटलं, माझ्या मुलाचा जीव घ्यायला निघालेला तो खड्डा मला दाखव. तो झोपला होता. दुपारची गाडी गेल्यावर आम्ही गेलो. मोझा, तिथे आता पाणी राहिलंच नाही म्हण. चटईएवढं असेल. भोवती भेगा, आणि त्या चटईएवढ्या पाण्यात ते सगळे मासे दाटीने, अंगाला अंग लावून, तरी रंग तसेच, जणू कोणी लग्नाची वस्त्रं धुवायला टाकली आहेत. आणि काठावर बगळे. ही बाई गवतातून काठी घेऊन धावली आणि बगळे उडवले. बगळे परत आले, तिने परत उडवले. मग कळलं, तो आजारी पडल्यापासून रोज दुपारी हिचं हेच चाललं आहे. मी विचारलं, चार दिवसांनी पाणी संपणार, मासे मरणारच, मग ही राखण कशाला? ती म्हणाली की मरू दे, पण त्यांचं काम पुरं होऊ दे, अंडी चिखलात जाऊ देत. तो विचारील तेव्हा मला सांगता यायला हवं.

मी तिथे बसले. पाण्याकडे बघत जन्म गेला माझा, पण तो होड्यांची वाट बघण्यात. पाण्यात काय चाललं आहे ते कधी बघितलं नव्हतं. ऊन उतरलं, पाणी सोन्यासारखं झालं, एक निळा मासा आपल्या बायकोपाशी जाऊन थरथरला आणि चिखलातून धूर उठला. एक बगळा माझ्या बाजूने आला. मी चप्पल फेकून मारली. चप्पल पाण्याच्या कडेला पडली, ती हिने काठीने ओढून आणली, पाय ओला न करता. दुसऱ्या दिवशी मी माझी काठी घेऊन गेले.

परवा शेवटचं पाणी गेलं. आम्ही दोघी होतो. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही. घरी येऊन त्याला सांगितलं की सगळं नीट झालं. तो हसला आणि त्या दिवशी पेज पुरी प्यायला.

तिच्याबद्दल मी तांग्यात जे बोलले, ते चुकीचं बोलले. हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती. मी दामटून लिहायला लावलं आहे.

बदलीचं सेफूला सांग, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या मुलाला इथे काम आहे, आणि पाण्यात पाय घालायचा नाही हे बघायला इथे माणूसही आहे. मी पाऊस येईपर्यंत राहते. माझी मऊ उशी पाठव, गुडघ्याचं तेल पाठव, आणि नीट चहापत्ती पाठव. तुझ्या नवऱ्याला, मबारुकला सांग, खरा चहा त्याला म्हणतात, पुडीतल्या चिखलाला नाही.

आणि माझ्या कपड्यांच्या पेटीच्या तळाशी अंगावर गुंडाळायच्या जांभळ्या कांग्यांची न कापलेली जोडी आहे, बाबांनी शेवटच्या खेपेला आणलेली. ती कोणालाच दिली नव्हती मी. ती पाठव. इथे शिंप्याकडून मधोमध कापून घेईन. एक मला, एक माझ्या सुनेला.

इथून पुढे अक्षर वाकडंतिकडं दिसेल. ते माझ्या सांगण्यामुळे नाही. लिहिणारी सारखी पेन खाली ठेवून डोळे पुसते आहे. उरलेलं उद्या सांगेन म्हणते, आज तिला एवढंच पुरे.

तुझी
आई