करंगळीभोवतीचा तणावा

बाबा, या वर्षी समता कॉलनीतल्या घराच्या पुढच्या भिंतीशी मी स्वीट पीच्या फुलवेली लावल्या. दसरा झाल्यावर गोल बाजारातून बिया आणल्या, रात्रभर भिजवल्या, चढायला सुतळ्या बांधल्या. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडायचे, हे तुम्हीच शिकवलेलं. तेव्हा मला ते दुष्टपणाचं वाटायचं.

पण मनात आहे तो तुमचा शेवटचा हिवाळा. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला होता. रेल्वेच्या ऑफिसात ज्या हातानं जन्मभर लिहिलंत, तो मांडीवर परक्या वस्तूसारखा पडून असायचा. तुम्ही बोलणं सोडलं होतं. व्यायाम करवून घ्यायला दवाखान्यातला भैया यायचा, त्याच्याकडे तुम्ही पाठ फिरवायचात. त्या वर्षी बिया मीच पेरल्या.

एका दुपारी तुमची खुर्ची वेलींजवळ उन्हात ठेवली, तो हात सुतळीला टेकवला आणि मी पोळ्या करायला आत गेले. तुम्हाला डुलकी लागली असावी. बऱ्याच वेळानं चहा घेऊन परत येते तर तुम्ही जागे आहात आणि करंगळीकडे टक लावून बघताय. वेलीचा दोऱ्याएवढा हिरवा तणावा तिला वेढा घालून बसलाय. मी सोडवायला वाकले, तशी तुमची जीभ अडखळत हलली.

"राहू दे. मले धरून राहिला तो."

कितीतरी दिवसांनी ऐकलेला तुमचा आवाज. मी तिथंच फरशीवर बसले. ऊन भिंतीवरून सरकलं, चहा निवला, आपण दोघं त्या बोटाकडे बघत राहिलो. वेलीला डोळे नाहीत. ज्या हाताला आम्ही सगळे मेलेला समजत होतो, त्याचाच तिनं आधार घेतला. संध्याकाळी डाव्या हातानं तुम्ही तो तणावा हलकेच सोडवून सुतळीवर नेलात. दुसऱ्या दिवशी भैया आला, तर तुम्ही आपणहून हात त्याच्यापुढे सरकवला. हात काही परत आला नाही. पण फुलं आली तेव्हा माझा खांदा धरून तुम्ही पाऱ्यात गल्लोगल्ली, घराघरांत गुच्छ द्यायला चालत गेलात.

काल इथं फुलं उमलली. वास पार फाटकापर्यंत. तुमची नात, जिनं तुम्हाला पाहिलंच नाही, शाळेतून येऊन तिथंच थबकली. "नाना को कौन सा रंग पसंद था?" तिनं विचारलं. मी लगेच म्हणाले, जांभळा. तिनं जांभळी तेवढी निवडून तुमच्या फोटोपुढे ठेवली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला माहीत नाही, बाबा. मी कधी विचारलंच नव्हतं.