दांड्यावरचा नारळ

रत्नागिरी,
ता. २२ एप्रिल १९८६

प्रिय प्रभा,

माझं अक्षर पाहून तू दचकशील. गेली बारा वर्षं संक्रांतीला चार ओळींचं कार्ड, तेवढाच आपला व्यवहार. आता हे जाडजूड पाकीट संगमेश्वरला पोचलं की पोस्टमनच तुला विचारेल, सगळं ठीक ना म्हणून. ठीक आहे. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. आपल्या काजूच्या कारखान्यात एक गोष्ट घडली, ती तुला कळवल्याशिवाय मला चैन पडेना. बाकीचं लिहिता लिहिता येईल. मला एका दमात सगळं सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आधी बातमी. भाजणीचा पिंप गेला. खरंच गेला, भंगारात. आता बी भाजत नाहीत, वाफेवर शिजवतात, रात्रभर गार करतात आणि मग पायाने दाबायच्या यंत्रावर फोडतात. धूर नाही, खोकला नाही. आणि बायकांची बोटं काळी होत नाहीत गं! आठवतं, हळदीकुंकवाला गेलो की आपण दोघी पदराखाली हात घेऊन बसायचो? राख लावा, तेल लावा, टरफलाचा तो डाग कधी गेला नाही. परवा मी माझ्या नखांकडे पाहिलं तर मुळाशी गुलाबी रंग दिसला. पन्नाशीला आलेल्या बाईने नखं बघत बसावं हे काही शोभत नाही, पण मी बसले.

हा बदल बाबाजीशेठनी आणला असं बाहेर सगळे म्हणतात. थोरले शेठ गेल्यापासून मालक तेच. पण खरं काम त्यांच्या भाच्याचं, काशीरामचं. दहा वर्षं ठाण्याच्या कुठल्याशा कारखान्यात नोकरी करून तो परत आला, तो एक ट्रंक भरून कागद घेऊन. आम्ही त्याचं नाव कागदराव ठेवलं. यंत्रं येणार म्हणताच बी फोडणाऱ्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चाळीस जणी आम्ही, कितीजणी उरणार? आणि हा बाबा यंत्राचं नावही न काढता म्हणाला, आधी समिती नेमू. मला हसू आलं. समिती म्हणजे चहा आणि खुर्च्या, आणखी काय?

पण त्याने समितीत कुणाला घेतलं बघ. शेठ, तो स्वतः, मुकादम म्हणून मी, आणि भट्टीवरचा धोंडू. तोच धोंडू, फक्त आता टक्कल पडलं आहे. आणि पाचवी सोनूबाई. ही तुझ्यानंतर लागली. बौद्धवाडीतली, बी फोडण्यात सगळ्यांत चपळ आणि बोलण्यात सगळ्यांत कंजूष. बायकांनी आपल्यातली एक निवडून द्या असं काशीरामने सांगितलं, तेव्हा मला वाटलं एखादी तोंडाळ बाई निवडतील. त्यांनी हिला निवडलं. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ती बघते.

दर सोमवारी चार वाजता आम्ही पाचजण बसायचो. निळ्या पुठ्ठ्याची एक लांब वही, आणि लिहायचं काम माझ्याकडे, अक्षर बरं म्हणून. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, सगळं लिहायचं आणि खाली पाच सह्या. काम चार टप्प्यांत तोडलेलं. एका टप्प्याखाली पाचही सह्या झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. पहिल्याच टप्प्यात लिहिलं गेलं की एकाही बाईला काढायचं नाही. ज्यांचे गुडघे यंत्रावर चालणार नाहीत त्या साल काढायला आणि प्रतवारीला बसतील. हे कोण ठरवणार, यावर दोन सोमवार गेले. शेवटी ते सोनूबाईकडे आलं आणि तिने प्रत्येकीकडे घरी जाऊन विचारलं. पौषात शेठना घाई झाली. बॉयलर आणून टाकू म्हणाले, तर धोंडूने सही केली नाही. भट्टीचा ओटा अजून ओला आहे, एवढंच म्हणाला. शेठ लाल झाले, उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. त्या वहीत त्यांचीच पहिली सही होती ना. बॉयलर तीन आठवड्यांनी आला. प्रभा, थोरल्या शेठांच्या समोर आपण चप्पल घालून उभ्या राहत नव्हतो, आणि त्यांचा मुलगा एका वहीपुढे परत येऊन बसला! मी त्या दिवशी घरी चालत गेले ते भाट्याच्या पुलावर थांबले आणि उगीचच खाडीकडे बघत राहिले.

या सगळ्यात एक नियम फार वादाचा झाला. पाचांतल्या कुणीही एकाने ‘थांबा’ म्हटलं तर काम तिथल्या तिथे थांबवायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं. आणि थांबवणाऱ्याचं चुकलं असं नंतर ठरलं तरी त्याला कुणी बोल लावायचा नाही. शेठ म्हणाले, अशाने पोटात दुखलं तरी कारखाना बंद पडेल. काशीरामने वाद घातला नाही. शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सही केली. मीही केली. मनात म्हटलं, लिहायला काय जातं, म्हणणार कोण आहे.

आणखी एक पान होतं. अगदी पहिल्या सोमवारी काशीरामने लिहून घेतलेलं. मागे या कारखान्यात बदल केला तेव्हा काय काय चुकलं, आणि का. मागचा बदल म्हणजे कढया जाऊन पिंप आला तो, चौऱ्याहत्तरचा. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एका सकाळी आलो तर कढया बाहेर आणि पिंप आत. त्या पानावर मी काय लिहिलं ते पुढे सांगते.

पाडव्याला बॉयलर चालू करायचा ठरला. त्याआधी दोनदा थोडी आग घालून पाहिला होता. त्याच्या माथ्यावर एक लोखंडी दांडा आहे, टोकाला वजन. आत वाफ जास्त झाली की तो दांडा उचलला जातो आणि शिट्टी मारत वाफ बाहेर पडते. वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर काशीरामने लाल रेघ ओढली होती. काटा तिथे आला की शिट्टी झालीच पाहिजे. बसवाबसवीच्या दिवसांत बायका त्या दांड्याला डब्याच्या पिशव्या अडकवायच्या, हाताशी होता म्हणून. काशीरामने त्या काढायला लावल्या आणि वहीत लिहून घेतलं की दांड्याला काही टांगू नये, तिथलं वजन मोजून ठेवलेलं आहे.

पाडव्याची सकाळ. दाराला गुढी, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, रत्नागिरीतले सात-आठ पाहुणे. शेठांच्या आई, आपण मोठी आई म्हणायचो त्याच, ऐंशीच्या पुढच्या, पण हट्टाने आल्या. आपल्याकडे नवीन काही आलं की त्याला हार-नारळ होणारच. चाकाला होतो, होडीला होतो, मग बॉयलरला का नाही? पूजा झाली, झेंडूचे हार पडले आणि धोंडूने आग घातली. सोनूबाई पूजेच्या वेळी मागे भिंतीशी उभी होती. ती नेहमीच तशी उभी राहते आणि आम्हीही तिला कधी पुढे ये म्हटलेलं नाही. काशीराम पाहुण्यांना पलीकडे फोडणीची यंत्रं दाखवत होता. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बॉयलरसमोर.

काटा चढत होता. लाल रेघेला टेकला. शिट्टी नाही. रेघ ओलांडली. शिट्टी नाही. मी वर पाहिलं, तर हारांच्या गर्दीत लाल फडक्यात बांधलेला एक नारळ त्या दांड्याच्या टोकाला लोंबत होता. मोठ्या आईंनी बांधलेला. मला कळलं, प्रभा. सगळं कळलं. तोंड उघडायचं फक्त राहिलं होतं. पण पाडवा, पाहुणे, मोठ्या आईंचा नारळ. आणि मी ताट धरून उभी. काटा आणखी एक घर पुढे गेला.

“थांबा.”

आवाज मोठा नव्हता. सोनूबाई भिंतीपासून पुढे आली होती. “आग काढा.”

आणि धोंडूने शेठांकडे बघितलंसुद्धा नाही. माझं सगळं नवल इथे आहे. चाळीस वर्षं मालकाच्या भुवईकडे बघून काम करणारा माणूस. त्याने लांब फावडं घातलं, पेटती टरफलं ओढून बाहेर लादीवर काढली आणि वर वाळूच्या बादल्या ओतल्या. मग काशीराम धावत आला. मग शेठ. मग विचारणं. सोनूबाईने हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. सणाच्या दिवशी, मोठ्या आईंच्या नारळाकडे, बौद्धवाडीतल्या बाईने बोट दाखवलं होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी घसा खाकरला. मी बोलले असते तर फार तर रागे भरले असते. तिने काय काय पणाला लावलं होतं!

काटा हळूहळू उतरला, तोवर कुणी जागचं हललं नाही. मोठ्या आईच काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, “माजाच नारळ हाय तो. मला ती खुंटी वाटली.” काशीरामने आधार दिला आणि त्यांनी आपल्या हाताने गाठ सोडली. तो नारळ त्यांनी सोनूबाईच्या हातात दिला. “बाये, तू बघत होतीस म्हणून आम्ही उभी हाव.”

तासाभराने पुन्हा आग घातली. काटा लाल रेघेला टेकला मात्र, दांडा असा अलगद उचलला गेला, आणि जी शिट्टी झाली! पांढरी शुभ्र वाफ आढ्यापर्यंत गेली. बायका कानांवर हात ठेवून हसत होत्या, शेठ तोंड फिरवून डोळे पुसत होते. एवढं मोठं लोखंड आणि एवढा हलका उचलला जाणारा दांडा. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. बॉयलरपेक्षाही मला त्या निळ्या वहीचं आश्चर्य वाटत होतं. तिने एका बाईला एक शब्द दिला होता आणि त्या शब्दावर सगळा कारखाना थांबला होता. तो शब्द मलाही दिलेला होता.

आता ते पान. पहिल्या सोमवारी मी त्यावर लिहिलं होतं, ‘१९७४, पिंपाचे झाकण उडून प्रभावती भाजली. कारण, घाई.’ सगळा कारखाना बारा वर्षं तेच म्हणत आला आहे. तूही बहुतेक तसंच समजत असशील. तुझ्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जे झालं, कानाखाली जे झालं, ते आपल्याच घाईने झालं, असं मानून तू गाव सोडलंस. प्रभा, तू घाई केली नव्हतीस. झाकणाची कडी तुटली होती. थोरल्या शेठांच्या सांगण्यावरून धोंडूने ती तारेने बांधली होती. सकाळी पिंपाजवळून जाताना मी ती तार पाहिली आणि तू पिंपाकडे जाताना मी बोलले नाही. नंतर थोरल्या शेठांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, झाकण नीट होतं ना? मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात मला मुकादमी मिळाली. पाडव्यानंतरच्या सोमवारी मी हे सगळं समितीत सांगितलं आणि जुनी ओळ खोडून नवी लिहिली. ‘कारण, थोरल्या शेठांच्या सांगण्यावरून तुटलेली कडी तारेने बांधली होती. विमलाने पाहिले होते, सांगितले नाही. प्रभावतीची चूक नव्हती.’ धोंडूने वही ओढून घेतली आणि सगळ्यांच्या आधी सही केली. मग उरलेल्यांनी, शेठनी आपल्या वडिलांचं नाव त्यात असूनही. त्या पानाची नक्कल सोबत ठेवली आहे, तुझ्या घरच्यांना दाखव. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागण्याचा हक्क मी त्याच दिवशी घालवला. उत्तर आलं नाही तर मी समजेन. पण त्या सकाळी तुझ्या पाठीमागे उभं राहून जो एक शब्द मी बोलायला हवा होता, तो सोनूबाईच्या तोंडून ऐकला तेव्हापासून रोज तुझी पाठ डोळ्यांसमोर येते. तू पिंपाकडे चालली आहेस. थांब, प्रभा. थांब गं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
विमला