डावा कौल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या मे महिन्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. शाळा माझी चौथीत सुटली, चुका होतील, पण लिहितो. ताई मस्कतहून लेकीला घेऊन सुट्टीला आली होती. परसात तुम्ही काजूच्या बिया भाजत होतात आणि तुम्हीच पोरीला हाक मारलीत, "ये गो, बियो कश्यो नाचतत बघ." ती वाकली आणि तडतडलेल्या बीचं तेल तिच्या डोळ्यात उडालं. मालवणच्या डॉक्टरांनी हात टेकले. भाओजींची तार आली, इंग्लंडच्या इस्पितळात सोय झाली आहे, पोरीला ताबडतोब मुंबईला आणा, पुढे मी नेतो.

मी पिशवी भरतोय आणि तुम्ही पोरीला न्यावं का, हा कौल घ्यायला देवळाकडे निघाला आहात. गुरवाने पाषाणाला तांदूळ लावले. उजवीकडचा कण आधी पडला असता तर देवाचा होकार, पडला डावीकडचा. "देव नको म्हणता. उद्या परत लावया." दुसऱ्या दिवशीही डावा. पोरीचं बुबुळ पांढरं होत चाललेलं. ताई तुमच्या पाया पडतेय, "आबानू, माझ्या चेडवाक जावक देवा." तुम्ही म्हणता, "गप रव. देवापेक्षा तुझो घोव मोठो?" तिसऱ्या सकाळी मी दोघींना घेऊन पहिली एसटी धरली. तुम्ही घरापुढच्या खळ्यात उभे होतात. "डोळो गेलो तर ह्या दारात पाय ठेव नको."

डोळा गेला नाही, पण पुरता आलाही नाही. भाओजींनी कळवलं, तिकडचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुम्ही सुपारी कातरत होतात. मान वर न करता म्हणालात, "बघलंस? देवान सांगलेला तांच झाला." आबा, तो उशीर देवाने केला नव्हता. बियाही देव भाजत नव्हता. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणूनच देवाला पुढे उभं केलंत, असं मला अजून वाटतं.

आता माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तीच भाची, दोन पोरांची आई, फोनवर रागावते, "मामा, तू ऑपरेशन कधी करून घेणार?" मी म्हणतो, घेतो गो. हा कागद घडी करून फडताळात ठेवतोय. कुणाला दाखवायचा नाही. कारण तारीख मिळाल्यावर मी गुरवाकडे गेलो होतो. कौल डावा पडला. उद्या परत लावणार आहे.