औषधाच्या टोपणातलं प्रभुभोजन

दि. ९ सप्टेंबर

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. तू, वहिनी, मुलं सगळे बरे असाल. इकडे सगळं ठीक. माझं शिवणकाम जोरात चालू आहे. घर मात्र हल्ली फार शांत वाटतं. आई घरी नाही ना.

घाबरू नकोस. आई पडली. म्हणजे आता नाही, मागच्या महिन्यात. प्रार्थनामंदिराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण अजून इस्पितळातच आहे. "डॉक्टरला कळवलंस तर बघ," असं तिने मला बजावलं होतं. डॉक्टर म्हणजे तू. तुझं नाव ती अजूनही घेत नाही.

ती त्या सभेतच अडकून बसली आहे रे. प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावून प्यायचा की प्रत्येकाला वेगळी पेली द्यायची, यावर तू उठून म्हणालास, "मी दातांचा डॉक्टर आहे. इथल्या सगळ्यांची तोंडं मी आतून पाहिलेली आहेत." झालं! अर्धी मंडळी उठली आणि पलीकडच्या गल्लीत वेगळी उपासना भरवू लागली. तू परगावी जाऊन दवाखाना थाटलास, पण इथे आम्ही पेलेवाले आणि ते पेलीवाले बाजारातसुद्धा एकमेकांना ओळख देत नाही. आणि आईच्या डोक्यात एवढंच राहिलं, की तिने घासलेल्या पेल्याला तिच्याच मुलाने चारचौघांत नावं ठेवली.

परवा भेटायच्या वेळी आमच्या प्रार्थनामंदिराचे पाळक आले, चांदीचा पेला टॉवेलात गुंडाळून. पाठोपाठ तुमचे, पेलीवाल्यांचे पाळकही हजर! तुझी आई म्हणून आले बिचारे, चहावाल्यासारखा पेल्यांचा ट्रे सांभाळत. खाटेच्या दोन बाजूंना दोघे उभे, मध्ये आई.

तेवढ्यात सिस्टर आली. "बाहेरची भांडी वॉर्डात चालणार नाहीत."

"अहो, हे प्रभुभोजन आहे," दोघे एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असेल.

"असू दे. जंतूंना ते कळत नाही."

आई तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगदी आमच्या डॉक्टरसारखी बोलते गं ही." आणि चक्क हसली.

सिस्टरने औषध मोजायचं प्लास्टिकचं टोपण आणून दिलं. एवढंसं, पण एकच! दोन्ही पाळकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. हरकत कशी घ्यावी, हे दोघांनाही सुचेना. शेवटी एकाने भाकर मोडली, दुसऱ्याने द्राक्षरस ओतला. मग आपापसांत "तुम्ही आधी", "छे, तुम्ही आधी" सुरू झालं.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मलाही द्या की."

ती तिसऱ्याच मंडळीची, वेगळ्याच चर्चची निघाली. आमच्या पाळकांनी विचारलं, "बाप्तिस्मा शिंपडून झालाय की बुडवून?"

"आता तिच्या बाप्तिस्म्याचं पाणी मोजणार का?" आई कडाडली. "प्रभूने आपण सगळे एक व्हावं म्हणून प्रार्थना केली. आणि आपण त्याच्याच मेजावर भांडतोय!"

दोघे पाळक शाळेतल्या पोरांसारखे खाली बघू लागले. मग टोपण सगळ्यांतून फिरलं. तुमच्या पाळकांनंतर माझी पाळी होती. खरं सांगते, क्षणभर मला तुझी ती तोंडं आठवली. डोळे मिटून प्यायले. नंतर रडू आलं, का ते विचारू नकोस.

आता आमचे लोक सांगत फिरतात की एकच पेला जिंकला. तुमचे म्हणतात, लहान पेली जिंकली. पण येत्या रविवारी उपासना एकत्र ठरली आहे. पहिलं गीत कोणतं, यावर दोन सभा झाल्या. तिसरी उद्या आहे.

आईचा निरोप: "मी ठणठणीत आहे. उगाच धावत यायची गरज नाही."

निरोप पोचवला. पण काल तिने सिस्टरकडून कंगवा मागून घेतला, आणि परगावहून येणाऱ्या माणसाला भेटायची वेळ थोडी वाढवून मिळते का, हेही विचारून ठेवलं.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी, तसं कबूल करणारी,

तुझी चिमी