जड पाण्यात सरकलेल्या शिखराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, नोकरीतून निवृत्त पण प्रयोगशाळा न सोडलेली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. अक्षर थरथरते आहे ते आनंदाने. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याचा या थरथरीशी संबंध जोडू नये.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक भावाच्या मुलीला. ओट्यावरचा पांढरा डाग आम्लाचा आहे. तो घासत बसू नये.

कलम २. आता मुद्द्याचे. फ्लोरीन असलेले एक सेंद्रिय आम्ल पाण्यात घातले की त्याचे सगळे रेणू तुटतात, त्यांतला हायड्रोजन सुटा होतो, असे आमच्या क्षेत्रात धरून चालतात. द्रावणात लेझर सोडला की रेणूंच्या प्रत्येक कंपनाचे शिखर आलेखावर उठते. मला पातळ द्रावणातही न तुटलेल्या आम्लाचे एक बारीक शिखर दिसले. भर चर्चासत्रात माझी धाकटी बहीण, तीही याच विषयातली, उठून म्हणाली, "ताई, ते आम्ल नाही, छतावरचा दिवा आहे." सभागृह खो-खो हसले. दिव्याची रेघ आलेखात शिरते हे खरे, म्हणूनच जास्त झोंबले. मी दिवे बंद करून पुन्हा मोजले, तर ती म्हणे, "मग बाहेरच्या बोळातला असेल!" तेव्हापासून आमची बोलचाल बंद.

कलम ३. काल साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतले. त्यात आम्लाच्या हायड्रोजनची जागा त्याचा जड भाऊ घेतो, म्हणून आम्लाचे शिखर सरकते. दिव्याला पाण्याशी काय देणेघेणे? त्याची रेघ जागची हलणार नाही. आणि सरकले! शिखर सरकले! मी या वयात, या हृदयाने, खुर्चीतून टुणकन उठले. पण एकदा दिसले म्हणजे सिद्ध झाले नव्हे. उरलेली मोजमापे कुणी केली नाहीत तर हे माझ्याबरोबरच संपेल, आणि मला भीती आहे ती एवढीच.

कलम ४. म्हणून शिखरे मोजणारे यंत्र, लेझर व जड पाणी धाकटीला. कौतुक करणारे पुष्कळ आहेत. माझी चूक शोधायला तिच्याइतके चिवट कुणी नाही. शिखर खोटे निघाले तर तसे छापावे. खरे निघाले तर "ताई, चुकले" असे मोठ्याने म्हणावे, घरात एकटी असली तरी.

दुरुस्ती. कलम ४ रद्द. हा कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी परस्पर धाकटीला बोलावून घेतले. तिने आलेख पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एक साक्षीदार कमी पडत होता.

"मी करते सही," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही चालणार," वकीलबाई म्हणाल्या. "ज्यांना काही मिळतं, त्यांना साक्षीदार होता येत नाही."

"मग माझं नाव खोडा. मला नको तिचं यंत्र."

तिने पेनाचे टोपण काढले.

"मंगळवारी शुद्धीवर ये, ताई. बाकीचं आपण दोघी मोजू. मी एकटी मोजणार नाही."

सबब यंत्र कुणालाही दिलेले नाही. ते आम्हाला लागणार आहे.

लिहून ठेवणार: ताई (सही)
साक्षीदार: १. काचेच्या नळ्या ओढून देणारे कारागीर (सही)
२. धाकटी बहीण (सही, शाई थोडी ओघळली आहे, ती ग्राह्य धरावी)
स्थळ: लेझरच्या खोलीबाहेरचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार